मसाल्याच्या डब्यातली चावी

दिगूनाना रोज सकाळी आंघोळ करतात, शर्ट बदलतात, टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसतात आणि आदल्या संध्याकाळी अलीकडच्या खुर्चीत बसून स्वतःच केलेल्या कामात चुका काढतात. नुसत्या काढत नाहीत, लेखी काढतात. 'हे असं का केलं, याचा खुलासा नाही.' 'घाई दिसते.' एकदा तर 'पुन्हा असे आढळल्यास काम परत पाठवण्यात येईल' असा शेरा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. संध्याकाळी नाना परत अलीकडच्या खुर्चीत येतात, सकाळचा शेरा वाचतात आणि खरोखर चिडतात. अशा दिवशी जेवताना त्यांच्याशी बोलायची सोय नसते, असं अक्का सांगतात. अक्का म्हणजे नानांच्या पत्नी. नानांशी भांडणारे घरात आधीच दोन नाना असल्यामुळे त्यांनी आपल्या वाट्याचं भांडण बरंचसं आवरतं घेतलं आहे.

मी त्यांचा शेजारी रमेश. जळगावात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत आणि बाजारात माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, निवडणूक आली की पत्रकं. नानांचा हा दोन खुर्च्यांचा प्रकार पहिल्यांदा खिडकीतून पाहिला तेव्हा मला वाटलं, निवृत्तीनंतर माणसाचं होत असावं असं काहीतरी. बायकोला म्हणालो, "नानांकडे लक्ष ठेवायला पाहिजे." पुढे कळलं की नानाच सगळ्या जगाकडे लक्ष ठेवून आहेत.

नाना मूळचे धुळे जिल्ह्यातले, शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातले. नोकरी सगळी रेल्वेच्या सिग्नल खात्यात, त्यातली बरीचशी भुसावळला. निवृत्त झाल्यावर माणसं मोटारसायकल घेतात, काशीला जातात, नाहीतर कॉलनीच्या कमिटीत शिरतात. नानांनी संगणक घेतला. निवृत्त सिग्नलवाल्यांचं एक वार्षिक निघत असे, त्याचे जुने अंक या संगणकावर उघडायचे होते. उघडले, तर पडद्यावर मराठीचा नुसता चिखल. आमच्या धंद्यात हे दुखणं जुनं आहे. पूर्वीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर नव्या संगणकाला वाचताच येत नाही. आम्ही छपाईवाले अशा वेळी निमूटपणे पुन्हा टाइप करतो. नाना निमूट बसणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी पुस्तकं आणली, इंटरनेटवर शिकले, चष्म्याचा नंबर वाढवून घेतला आणि जुनं मराठी नव्यात आणणारा एक प्रोग्राम लिहिला. त्याचं नाव ठेवलं 'भरीत'. कारण विचारलं तर म्हणाले, आधी मजकुराचं झालेलं असतं ते.

मग हे भरीत त्यांनी जगाला फुकट वाढून टाकलं. याला मुक्त स्रोत म्हणतात, हे मला नानांमुळेच कळलं. प्रोग्रामच्या आतली सगळी लिखावट चव्हाट्यावर ठेवायची. कुणीही वाचावी, वापरावी, चूक दिसली तर दुरुस्त करून परत पाठवावी. बघता बघता भरीत छापखान्यांत गेलं, वर्तमानपत्रांत गेलं, सरकारी कचेऱ्यांत गेलं. मोठ्या मोठ्या प्रोग्रामांच्या पोटातही ते आहे म्हणतात, आणि ते वापरणाऱ्यांना पत्ताही नसतो की आपण जळगावच्या एका म्हाताऱ्याच्या हातचं खातो आहोत.

मी एकदा सहज म्हणालो की फुकटची वस्तू आहे, थोडं इकडेतिकडे झालं तर कोण विचारणार आहे? नानांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "फुकटच्या प्रसादात खडा निघाला तर दात फुकट येतो का रे भो?" म्हणाले. त्यानंतर मी हा विषय काढलेला नाही.

नानांच्या सगळ्या वेडाचं मूळ रेल्वेत आहे. स्टेशनात एक खोली असते म्हणे. कुठला सिग्नल पडणार आणि रूळ कुठे वळणार, हे त्या खोलीतल्या यंत्रांवर ठरतं. तिला दोन कुलपं असतात. एक चावी स्टेशनमास्तरकडे, दुसरी सिग्नलवाल्याकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही. एकटा सिग्नलवाला कितीही हुशार असला तरी बाहेर उभा. 'हुशारच जास्त चुकतो,' असं नाना सांगतात, आणि सांगताना स्वतःकडे बोट दाखवतात. सकाळी पलीकडच्या खुर्चीत बसायचं ते यासाठी. एकाने लिहायचं, दुसऱ्याने वाचायचं. भरीत वाचायला दुसरं कुणी मिळेना, तेव्हा नानांनी दुसरा माणूस घरातच तयार केला.

त्यांचं दुसरं एक वाक्य आहे, ते मी इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेत म्हणून दाखवीन. 'विझलेला सिग्नल म्हणजे लाल सिग्नल.' सिग्नलचा दिवाच गेला असेल तर ड्रायव्हरने 'बहुतेक हिरवा असेल' असं धरायचं नाही, गाडी थांबवायची. हा रेल्वेचा नियम नानांनी संसाराला लावला आहे. दुधवाला काही न सांगता आला नाही, तर 'बहुतेक उद्या येईल' हे त्यांना चालत नाही. मुलाने फोनवर 'बघतो' म्हटलं की ते 'नाही' म्हणून लिहून घेतात.

शेवभाजीचा तयार मसाला घ्यायला मी त्यांच्याबरोबर एकदाच गेलो, आणि ते एकदा पुष्कळ झालं. शेटजींच्या तीन पिढ्या त्या दुकानात बसल्या, पण असं गिऱ्हाईक कुणी पाहिलं नसेल. यात काय काय आहे, असं नानांनी विचारलं. शेटजी म्हणाले, पाकिटावर लिहिलं आहे. नानांनी वाचलं आणि शेवटच्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. "इतर मसाले लिहिलंय. हे इतर कोण?" शेटजी हसले. नाना हसले नाहीत. आपल्या घरात बाहेरचं काही आणायचं तर त्याच्या आतलं सगळं ठाऊक पाहिजे, आणि त्या आतल्याच्या आतलंही, हे त्यांनी शेटजींना गल्ल्यापाशी उभं राहून समजावलं. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली होती. शेवटी अक्का घरीच मसाला कुटायला लागल्या, आणि नानांना त्या 'इतर मसाल्यां'बद्दल जे वाटतं तेच शेटजींना नानांबद्दल वाटायला लागलं, की हे प्रकरण लांबून बरं.

घराच्या फाटकावर एक पाटी आहे. 'चूक सापडल्यास चारचौघांत न बोलता आधी मालकास एकट्यास सांगावी.' ही भरीतच्या वेबसाइटवरची सूचना. प्रोग्राममधली कमजोर जागा सापडली तर गावभर करायची नाही, कारण चोरही ऐकत असतात. आधी ज्याचं काम आहे त्याला गुपचूप सांगायचं, दुरुस्तीला वेळ द्यायचा आणि दुरुस्ती झाली की मग सगळ्यांना सांगायचं. नानांना हा नियम इतका आवडला की त्यांनी तो रंगवून फाटकाला लावला. परिणाम असा झाला की कॉलनीतला एक जण संध्याकाळी हळूच येऊन सांगून गेला की तुमचं फाटक फार करकरतं.

नाना स्वतः हा नियम कडकपणे पाळतात. एका लग्नात पहिल्या पंगतीला वांग्याच्या भाजीत मीठच नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघत होते. नाना उठले, मांडवामागे गेले, आचाऱ्याच्या कानात काहीतरी बोलले आणि परत येऊन ताटाला हात न लावता बसून राहिले. वधूपित्याला वाटलं, नाना रुसले. तो हात जोडून उभा राहिला, तरी नानांनी तोंड उघडलं नाही. दुसरी पंगत बसली, भाजी चाखून झाली, तेव्हा नाना उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पहिल्या पंगतीला मीठ नव्हतं. आता आहे. आचाऱ्यांनी तातडीने दुरुस्ती केली, त्यांचे आभार." आचाऱ्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आता चावीचं सांगतो. भरीतची नवी आवृत्ती जगात पाठवायची तर नानांना पासवर्ड घालावा लागतो, आणि वर अंगठ्याएवढी एक इलेक्ट्रॉनिक चावी संगणकाला जोडून तिच्यावर बोट टेकवावं लागतं. दोन्ही झाल्याशिवाय काही बाहेर पडत नाही. पासवर्ड नानांच्या डोक्यात. चावी अक्कांच्या मसाल्याच्या डब्यात, वेलदोड्याच्या वाटीत. दोन कुलपांची खोली नानांनी अशी घरातच बांधली. आवृत्ती तयार झाली की ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहतात. अक्का हात पुसतात आणि गावाकडच्या बोलीत ठरलेले प्रश्न विचारतात. बठ्ठं तपासं का? दुसरं कोनी वाचं का? राग मा त नही ना? म्हणजे सगळं तपासलं का, दुसऱ्या कुणी वाचलं का, आणि रागात तर नाही ना. तिन्ही उत्तरं बरोबर आली तर डबा उघडतो आणि अक्काच चावीवर बोट टेकवतात. त्या चावीला हळदीचा वास येतो.

अक्कांना संगणकातलं काही कळत नाही, आणि त्यांना त्याचं काही वाटतही नाही. पण प्रश्न विचारल्याशिवाय त्यांनी एकदाही बोट टेकवलेलं नाही. पाचोऱ्याला त्यांच्या माहेरी बारसं होतं आणि नाना चाचण्या चालवत घरी बसले, तेव्हा अक्का रुसल्या आणि डबा बरेच दिवस बंद राहिला. कुठून कुठून लोकांनी नानांना विचारलं की नवी आवृत्ती का येत नाही. नानांनी प्रामाणिकपणे उत्तर दिलं, 'दुसऱ्या चावीची अडचण आहे.' त्यावर कुणीतरी लिहिलं की तुमची सुरक्षाव्यवस्था फार उत्तम दिसते.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना टॉमस आला.

आला म्हणजे इंटरनेटवर आला. पोर्तुगालमधल्या कुठल्याशा गावात राहतो म्हणाला. त्याने भरीतमधली एक बारीक चूक शोधली, नियमाप्रमाणे नानांना एकट्याला कळवली आणि दुरुस्तीही जोडून पाठवली. नानांनी ती पलीकडच्या खुर्चीत बसून तपासली आणि त्यांना शेरा मारायला जागाच सापडेना. मग टॉमस नेमाने काम पाठवायला लागला. मराठी येत नसताना त्याने जोडाक्षरं शिकून घेतली. मुख्य म्हणजे नानांनी लिहिलेलं तो वाचायला लागला आणि न लाजता चुका काढायला लागला. नानांची पलीकडची खुर्ची रिकामी राहू लागली. सकाळी शर्ट न बदलता नाना अंगणात चहा पिताना दिसले, तेव्हा मी बायकोला बोलावून दाखवलं.

नाना ओट्यावर आले की टॉमसची गोष्ट निघायची. 'आपला टॉमस' असंच म्हणायचे. नानांनी त्याला खऱ्या भरिताचा फोटो पाठवला, हिरव्या वांग्याचं, काड्यांवर भाजलेलं, शेंगदाणे आणि कांद्याची पात घातलेलं. त्याने तिकडे वांगं भाजून उलट फोटो पाठवला. अक्कांनी चष्मा लावून तो पाहिला आणि वांगं एका बाजूने कच्चं राहिल्याचं त्याला कळवायला सांगितलं. त्याचं लगीन व्हयनं का, हेही विचारायला सांगितलं. नानांनी दोन्ही कळवलं असणार. वर्षभर हे असं चाललं होतं, आणि मी नानांना इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

उन्हाळ्यात चक्र फिरलं. भरीतच्या चर्चेच्या पानावर कुणी कुणी अनोळखी माणसं तक्रारी करायला लागली. एवढा उशीर का होतो? जुन्या पद्धती किती दिवस चालवणार? एकाने लिहिलं, म्हातारा माणूस थकला आहे, आता सूत्रं टॉमसकडे द्यावीत. ते 'थकला' नानांना फार लागलं. दोन दिवस ते फाटकाबाहेर आले नाहीत. टॉमसने मात्र समजूत घातली. त्याने लिहिलं की तुम्ही यांच्याकडे लक्ष देऊ नका, तुम्ही खूप केलंत. आता आवृत्ती पाठवण्याचा अधिकार मला द्या आणि विश्रांती घ्या.

हा अधिकार म्हणजे काय, ते नानांनी मला ओट्यावर बसून समजावलं. एकदा नानांनी पासवर्ड घालून आणि अक्कांनी बोट टेकवून टॉमसचं नाव आत घेतलं, की पुढे दोघांचीही गरज नाही. तो जे पाठवेल ते भरीत. ते माझ्या दुकानात येणार, पेपरच्या कचेऱ्यांत जाणार, सगळीकडे आपोआप जाऊन बसणार, आणि उघडून कुणी बघणार नाही. माणूस चांगला असला तर काही प्रश्न नाही. नसला तर त्याला घरोघरचं दार उघडं.

"द्यावा म्हणतो," नाना म्हणाले. पण म्हणताना माझ्याकडे बघत नव्हते.

मी म्हणालो, देऊन टाका. मला माझी घाई होती. लग्नाचा मोसम ऐन भरात होता, संगणकाने परस्पर स्वतःला अद्ययावत करून घेतलं होतं आणि तेव्हापासून भरीत रफार, म्हणजे अक्षराच्या डोक्यावरचा र, एक घर पुढे टाकत होतं. सूर्यवंशींच्या मुलीच्या पत्रिकेचं प्रूफ मी मुलीच्या आजोबांच्या हातात दिलं आणि त्यांनी आपलं आडनाव वाचून मला घराण्याचा इतिहास ऐकवला. टॉमसकडे या दुखण्याची दुरुस्ती तयार होती. अधिकार मिळाला की त्याच दिवशी पाठवतो म्हणाला होता. म्हणून मी नानांच्या मागे लागलो. सकाळी लागलो, दुपारी लागलो.

अशाच एका दुपारी मी त्यांच्या घरी बसलो होतो. बाहेर ऊन मी म्हणत होतं, कूलर घरघरत होता. नाना बराच वेळ पडद्याकडे बघत बसले, मग त्यांनी अक्कांना हाक मारली आणि चावी आणायला सांगितली. अक्का डबाच घेऊन आल्या. टॉमसला अधिकार द्यायचा आणि त्याने पाठवलेलं काम आत घ्यायचं, असं दोन्ही आहे, हे नानांनी त्यांना सांगितलं.

"बठ्ठं तपासं का?" अक्कांनी विचारलं.

नानांनी होकार दिला. चाचण्या सगळ्या पार पडल्या होत्या.

"दुसरं कोनी वाचं का?"

इथे नाना अडले. मग त्यांनी अक्कांना, आणि खरं तर मला, समजावायला सुरुवात केली. टॉमसचं काम आपण ओळन् ओळ वाचलं आहे. फक्त त्यात एक फाइल आहे. चाचणीसाठी जुन्या मजकुराचे नमुने म्हणून त्याने दिली आहे, पण ती अशी आवळून बांधली आहे की माणसाला वाचता येत नाही. सुटी करून दे म्हणून आपण त्याला दोनतीनदा लिहिलं. तो दर वेळी गोड बोलतो आणि दुसरा विषय काढतो. पण नमुनेच आहेत, त्यात काय असणार, मुलगा वर्षभर आपल्याबरोबर आहे. नाना बोलत होते आणि त्यांचा आवाज बारीक होत चालला होता.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. डबा मांडीवर धरून त्या म्हणाल्या, "म्हंजे कोनी नही वाचं. इझेल दिवा म्हंजे काय, ते तुम्हीच सांगतस ना आमले?"

सूर्यवंशींची पत्रिका मी खिशात आणखी खाली सरकवली. अक्का डबा घेऊन आत गेल्या. नानांनी चष्मा पुसला आणि टॉमसला लिहिलं. काय लिहिलं ते त्यांनी मला मराठीत सांगितलं. तुझी फाइल मला वाचता येत नाही तोवर ती आत घेता येणार नाही, आणि अधिकारही देता येणार नाही. सुटी करून पाठव, मग आपण बोलू.

टॉमसचं उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. गंमत म्हणजे तक्रारी करणारी ती अनोळखी माणसंही त्याच दिवसापासून गप्प झाली. वेगवेगळ्या देशांतली माणसं एकाच दिवशी एकदम समाधानी कशी झाली, ते माझ्यासारख्या पत्रिका छापणाऱ्यालाही कळलं.

नानांनी मग बाहेरच्या दोन जाणत्या माणसांची मदत घेऊन ती फाइल उलगडली. तिच्यात नमुने नव्हतेच. भरीत ज्याच्या संगणकावर बसेल त्याचं मागचं दार गुपचूप उघडून देणारी लिखावट तिच्यात दडवलेली होती. नानांनी नियमाप्रमाणे आधी भरीत वापरणाऱ्या मोठ्या मंडळींना खासगीत कळवलं, सगळ्यांनी आपापलं तपासलं आणि मग जाहीर केलं. टॉमसचं खातं बंद केलं. रफाराची दुरुस्ती त्यांनी स्वतः केली, पलीकडच्या खुर्चीत बसून तपासली, अक्कांनी तिन्ही प्रश्न विचारून बोट टेकवलं आणि सूर्यवंशींची मुलगी बरोबर आडनावाने छापली गेली.

जगभरातून नानांना शाबासकीची पत्रं आली. नाना, तुम्ही केवढं संकट टाळलंत. मला तर इतका अभिमान वाटला की मी पेढे घेऊन गेलो. कॉलनीत सगळ्यांना सांगत सुटलो, जसं काही चावी माझ्याच डब्यात होती.

नानांनी पेढा घेतला आणि हातातच धरून ठेवला. ते पडद्यावर टॉमसची वर्षभरातली सगळी जुनी कामं एकेक करून पुन्हा वाचत होते. मी विचारलं, हे सगळं आता काढून टाकणार का? नाना म्हणाले, काढायच्या तयारीनेच बसलो होतो, पण सगळं वाचलं, चांगलं आहे. मदत करणाऱ्यांच्या यादीतून त्याचं नाव काढू का, म्हणून त्यांनी अक्कांना विचारलं होतं. अक्का म्हणाल्या, केलं तेवढं काम त्याचंच आहे, राहू द्या. तो बी कोनाना तरी पोऱ्या व्हई.

मग मी तो प्रश्न विचारला, जो कुणीही विचारला असता. वर्षभरात नानांना एकदाही संशय आला नाही का?

"माले माहीत व्हतं," नाना म्हणाले.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. नाना पडद्याकडे बघतच बोलत राहिले. टॉमस म्हणायचा, रोज सकाळच्या गाडीने कामाला जातो आणि गाडीत बसून तुम्हाला लिहितो. नाना पडले रेल्वेचे. हा कुठल्या गाडीत बसतो, ती किती वाजता सुटते, एवढं तरी आपल्याला माहीत असावं म्हणून त्यांनी तिकडचं वेळापत्रक शोधून काढलं. त्या गावाला गाडीच नव्हती. मार्ग केव्हाच बंद झाला होता, रूळसुद्धा उचलले होते. स्टेशनात आता हॉटेल आहे. हे नानांना दिवाळीच्या आधीच कळलं होतं.

"तेव्हाच का नाही बोललात?"

"काय बोलायचं? मला वाटलं, नोकरी गेली असेल बिचाऱ्याची. आमच्या खात्यात एक जण निलंबित झाला होता, तोही रोज डबा घेऊन घराबाहेर पडायचा. माणूस लाजतो रे. मग मी आपला त्याला विचारायचो, गाडी वेळेवर होती का म्हणून."

"आणि तो?"

"म्हणायचा, आज जरा लेट होती."

मला हसू आलं आणि पुरतं आलं नाही. नानांनी पेढा परत डब्यात ठेवला. त्यांचं म्हणणं, मुलगा पुण्याहून फोन करतो, तब्येत विचारतो, गोळ्या विचारतो. मी येतो, माझं अडलेलं कधी होईल ते विचारतो. त्यात कुणाची चूक नाही, हेही त्यांनी मला सांगितलं. टॉमस मात्र रोज विचारायचा, नाना, आज भरीतचं काय केलं? आणि सांगितलं की त्यावर पुढचा प्रश्न विचारायचा.

"चावी मागितली तेव्हा मी ओळखलं," नाना म्हणाले. "तरी देत होतो. नाही म्हटलं की हा बोलायचा थांबणार, हे मला कळत होतं."

ते इतक्या साध्या आवाजात बोलले की मला त्यांच्याकडे बघवेना. एवढी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो, त्यांच्या खुर्च्यांच्या गमती दुकानात रंगवून सांगितल्या, आणि आत काय चाललंय ते मला पोर्तुगालच्या एका खोट्या माणसाकडून कळावं, याचं मला फार वाईट वाटलं. पडद्याच्या कोपऱ्यात दुसरंच काहीतरी अर्धवट लिहिलेलं दिसत होतं, त्याच्याकडे बोट दाखवून मी विचारलं की हे काय करताय.

नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तुझं काही अडलंय का, म्हणाले. मी म्हणालो, नाही, काही अडलेलं नाही, सहज विचारलं. मग त्यांनी खुर्ची सरकवली, मला पडदा नीट दिसेल असा फिरवला आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागले. मला त्यातलं फार थोडं कळत होतं. जिथे कळलं नाही तिथे मी अडवून विचारलं. आतून अक्कांनी जेवायला हाक मारली, पुन्हा एकदा मारली.

नाना न वळताच म्हणाले, "थांब जराशी. रमेश ऐकी राहिना, त्याले सांगू दे."